सर्वांत थोर ग्रंथ कोणता? कपाशीच्या बांधावरून एक परीक्षण

यवतमाळला पुस्तकांविषयीच्या वादाचे वावडे नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे दोनदा भरले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. संमेलनाचा मांडव असो वा शाळेतील वक्तृत्व स्पर्धा, एक प्रश्न कधी ना कधी निघतोच: आजवर लिहिल्या गेलेल्या ग्रंथांत सर्वांत थोर कोणता? कोणी ज्ञानेश्वरीचे नाव घेतो, कोणी तुकारामांच्या गाथेचे. विदर्भात ग्रामगीतेचा उल्लेख झाल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही. कोणी भारताचे संविधान पुढे ठेवतो. या यादीत विज्ञानाचा ग्रंथ मात्र क्वचितच येतो.

याचा दोष विद्यार्थ्यांना देता येणार नाही. विज्ञान आपण निष्कर्षांच्या रूपाने शिकवतो, ग्रंथांच्या रूपाने नाही. न्यूटनचे तीन नियम पाठ असतात, पण ते कोणत्या पुस्तकात, कोणत्या ओघात आले हे सांगितले जात नाही. भक्तिग्रंथांशी विज्ञानग्रंथांची तुलना करण्याचा आमचा विचार नाही. त्यांची कामे वेगळी आहेत. मात्र विज्ञानापुरता हा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर शोधता शोधता विज्ञान म्हणजे काय हेच अधिक स्पष्ट होते.

मतदानाने हा वाद मिटत नाही, हे आधीच दिसून आले आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने २००६ साली सर्वोत्तम विज्ञानपुस्तक निवडले, तेव्हा प्रीमो लेव्ही या रसायनतज्ज्ञ लेखकाच्या ‘द पिरिऑडिक टेबल’ या आत्मकथनपर पुस्तकाला पसंती मिळाली. २०१५ साली ब्रिटनमध्ये सर्वांत प्रभावी विद्वत्ग्रंथ कोणता असे विचारले, तेव्हा चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ पहिला आला. २०१७ साली रॉयल सोसायटीने सर्वांत प्रेरक विज्ञानपुस्तक विचारले आणि रिचर्ड डॉकिन्स यांचे ‘द सेल्फिश जीन’ वर आले. सर्वोत्तम, प्रभावी, प्रेरक. प्रश्नातील विशेषण बदलले की उत्तर बदलते. म्हणून आधी कसोटी ठरवली पाहिजे.

आम्ही तीन कसोट्या मानतो. पहिली, जे रोज डोळ्यांसमोर असूनही उमगत नव्हते ते त्या ग्रंथामुळे उमगले पाहिजे. दुसरी, लेखकाने आपले म्हणणे का खरे मानावे हे सांगावे आणि ते कोठे अडते हेही लपवू नये. तिसरी, विषयात पारंगत नसलेल्या पण चिकाटी असलेल्या वाचकाला तो आजही वाचता यावा.

आता उमेदवार पाहू. युक्लिडचा ‘एलिमेंट्स’ इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचा. त्याच्या तेरा भागांतून जगाने सिद्धता मांडण्याची रीत शिकली. दुसऱ्या कसोटीचा पहिला भाग त्याच्याइतका कोणीच पूर्ण करत नाही. पण तो निसर्गाविषयी काही सांगत नाही, आणि शुद्ध गणितात ती अपेक्षाही नसते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (११५०) आपल्या जवळची. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला; त्याला १२०७ साली दिलेल्या दानाचा शिलालेख उपलब्ध आहे. एखाद्या लेखकाचे ग्रंथ शिकवण्यासाठी शाळा निघावी, यापेक्षा मोठा मान शिक्षकांच्या दृष्टीने कोणता? मात्र लीलावतीत रीती आहेत, उपपत्ती नाहीत. त्या गणेश दैवज्ञांच्या १५४५ च्या ‘बुद्धिविलासिनी’सारख्या टीकांतून मिळतात.

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ (१६८७) पहिल्या कसोटीवर अव्वल ठरतो. खाली पडणारे फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमात बसतात, हे त्यापूर्वी कोणी दाखवले नव्हते. रॉयल सोसायटीचा पैसा माशांवरील एका सचित्र ग्रंथात अडकल्यामुळे ‘प्रिन्सिपिया’च्या छपाईचा खर्च एडमंड हॅलीने स्वतः केला. पण लॅटिन भाषेतील आणि भूमितीच्या अवघड मांडणीतील हा ग्रंथ आज भौतिकशास्त्राचे प्राध्यापकही सहसा मुळातून वाचत नाहीत. तिसऱ्या कसोटीवर तो मागे पडतो.

उरतो डार्विन. ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती निघाल्या. ग्रंथात समीकरण एकही नाही आणि आकृती एकच आहे, फांद्या फुटत गेलेल्या वंशवृक्षाची. सुरुवात दूरच्या बेटांपासून होत नाही. ती होते पाळीव जनावरे, पिके आणि डार्विनने स्वतः पाळलेली कबुतरे यांच्यापासून. शेतकरी बियाण्यासाठी चांगली कणसे बाजूला ठेवतो, ही निवड झाली. मग निसर्गातही निवड होत असेल का, असा हा ओघ आहे. खेड्यातील वाचक तो सहज धरू शकतो.

दुसऱ्या कसोटीसाठी सहावे प्रकरण पाहावे. ते संपूर्ण प्रकरण डार्विनने आपल्याच सिद्धांतापुढील अडचणींना दिले आहे. डोळ्यासारखे गुंतागुंतीचे इंद्रिय टप्प्याटप्प्याने कसे घडले असेल, मधल्या अवस्थांचे जीव का दिसत नाहीत, हे आक्षेप विरोधकांनी घेण्याआधी त्याने स्वतःच मांडले. एक छोटे उदाहरणही बोलके आहे. हत्ती फार सावकाश प्रजनन करतो, तरीही एका जोडीपासून पाचशे वर्षांत दीड कोटी हत्ती होतील, असे पहिल्या आवृत्तीत होते. १८६९ साली वाचकांनी हा हिशेब जुळत नसल्याचे दाखवले. १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत ७४० ते ७५० वर्षांत सुमारे एक कोटी नव्वद लाख, असा दुरुस्त आकडा आहे. चूक दाखवता येते आणि ती दुरुस्त होते, हा विज्ञानग्रंथाचा कमीपणा नसून त्याचा गुण आहे.

राहिली पहिली कसोटी. ती यवतमाळ जिल्ह्यातच लावून पाहू.

भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. तिच्या पेशींत बोंडअळीला मारक असे एक प्रथिन तयार होते. २००६ मध्ये दोन मारक प्रथिने असलेले वाण आले. २०१० साली गुजरातमधील गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे ती दोन्ही प्रथिनांना पुरून उरली. २०१७ च्या हंगामात यवतमाळसह विदर्भात तिने मोठे नुकसान केले. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती. साऱ्याचा भार एका अळीवर टाकता येणार नाही. पण कीड का माजते हे न कळता केलेली फवारणी किती महाग पडू शकते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. गुलाबी अळी तर बोंडाच्या आत असते. फवारा तिच्यापर्यंत पोचतही नाही.

आता वर्गात विचारा: अळी मरेनाशी का झाली? बहुतेक मुले म्हणतील, “तिला औषधाची सवय झाली.” घरी मोठी माणसेही हेच म्हणतात. डार्विनचे उत्तर वेगळे आहे. कोणत्याही अळीने स्वतःला बदलले नाही. असंख्य अळ्यांत विष पचवू शकणाऱ्या थोड्या आधीपासूनच होत्या. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या आणि पुढची पिढी त्यांची झाली.

फळ्यावर हिशेब करून दाखवा. हजार अळ्यांत एकच प्रतिकारक्षम आहे आणि उरलेल्या ९९९ पैकी शेकडा ९९ मरतात असे समजू. वाचतील सुमारे १० साध्या आणि १ प्रतिकारक्षम, म्हणजे अकरांत एक. पुढच्या पिढीत पुन्हा हजार झाल्या, तर ९१ प्रतिकारक्षम आणि ९०९ साध्या. त्यांतून वाचतील ९ साध्या आणि ९१ प्रतिकारक्षम. तिसऱ्या पिढीच्या हजारात ९१० प्रतिकारक्षम. ९० साध्यांपैकी जेमतेम एक वाचेल. तीन पिढ्यांत चित्र पालटले! या अळीची एक पिढी साधारण महिनाभराची असते. फरदड घेऊन कपाशी उन्हाळ्यापर्यंत शेतात उभी ठेवली, की अळीला निवडीच्या आणखी काही फेऱ्या मिळतात. फरदड घेऊ नका, असे कृषी विभाग का सांगतो ते विद्यार्थ्याला आता कळेल. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे पुस्तक आपल्या बांधावरची गोष्ट उलगडते, म्हणून आमचे मत डार्विनच्या पारड्यात.

पण परीक्षण येथे थांबवले तर ते अर्धवट राहील. या ग्रंथात एक मोठी पोकळी आहे: गुण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे जातात, हे डार्विनला ठाऊक नव्हते. इतकेच नव्हे, वापरामुळे किंवा न वापरण्यामुळे शरीरात होणारे बदलही काही प्रमाणात पुढच्या पिढीत उतरतात, असे त्याने पाचव्या प्रकरणात मान्य केले आहे. म्हणजे ‘सवय झाली’ या मुलांच्या उत्तराला थोडा आसरा खुद्द या ग्रंथातच मिळतो! आमच्या वरच्या हिशेबातही तीच उणीव आहे. ‘जशी अळी तशी तिची पिल्ले’ असे आम्ही गृहीत धरले. प्रत्यक्षात नर आणि मादी दोघांचे गुण पुढे जातात.

ही पोकळी भरली ग्रेगोर मेंडेलच्या १८६६ साली छापलेल्या निबंधाने. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जात असे. ते शेताच्या कडेने किमान पाच ओळींत किंवा वीस टक्के क्षेत्रावर लावायचे. यालाच आश्रय पीक म्हणतात. पुष्कळांनी ते लावले नाही. कीड मुद्दाम पोसायची कशाला, असा प्रश्न पडणे साहजिकच होते. उत्तर मेंडेलच्या चौकटीत आहे. प्रतिकाराचे जनुक बहुतांशी अप्रभावी असते. आश्रय पिकावरच्या साध्या पतंगाचा प्रतिकारक्षम पतंगाशी संयोग झाला, की पिल्लांत प्रतिकार प्रकट होत नाही आणि ती बीटी बोंडात मरतात. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटोवरही जगते, त्यामुळे तिला असा आश्रय आपोआप मिळतो. गुलाबी अळीचा सारा संसार मुख्यतः कपाशीवरच असतो. तिच्यासाठी आश्रय आपणच लावायला हवा होता. अळी का परतली हे डार्विन सांगतो, तिला रोखण्यासाठी पाच ओळी कशाला हे मेंडेल सांगतो. दोघांतला एक वगळला तर शेतकऱ्याच्या हाती अर्धेच ज्ञान येते.

म्हणूनच २०२३ सालची एक घटना आम्हाला गंभीर वाटते. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असे प्रकरण होते. त्यातील उत्क्रांती गळली आणि आनुवंशिकता राहिली. मेंडेल ठेवला, डार्विन काढला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी जाहीर पत्र काढून याला विरोध केला. हा भाग बारावीत आहे, असे उत्तर दिले गेले. पण बारावीला जीवशास्त्र घेणारे किती, आणि दहावीनंतर थेट शेतावर जाणारे किती? महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात दोन्ही विषय एकाच प्रकरणात आहेत. ते प्रकरण ‘परीक्षेला किती गुणांचे’ या हिशेबाने न उरकता बोंडअळीपासून सुरू करावे, अशी आमची सूचना आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात एखाद्या विद्यार्थ्याला शेतातून डोमकळी आणायला सांगा. ती न उमललेली, पाकळ्या चिकटलेली कळी वर्गात उघडा आणि मग फळ्याकडे वळा.

वक्तृत्व स्पर्धेत हा विषय पुन्हा निघेल, तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने कोणत्या ग्रंथाची बाजू घ्यावी हे त्याचे त्याने ठरवावे. त्याने डार्विनचे नाव घेतलेच, तर परीक्षकांनी एक उपप्रश्न जरूर विचारावा: या ग्रंथात काय राहून गेले? त्याचेही उत्तर देता आले, तर त्या मुलाने विज्ञानाचा ग्रंथ कसा वाचावा हे ओळखले, असे समजावे.