डग्लसचीं तीन आत्मचरित्रें

एकच मनुष्य आपलें चरित्र तीन वेळां लिहितो, तेव्हां पहिल्या वेळीं सांगावयाचें असें काय राहिलें होतें, हा प्रश्न वाचकाच्या मनांत सहजच उभा राहतो. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांनीं १८४५, १८५५ व १८८१ या सालीं आपलें आयुष्य तीनदां सांगितलें, आणि तिसऱ्या ग्रंथांत १८९२ सालीं आणखी भर घातली. रसिकांची पसंती बहुधा पहिल्या पुस्तकाला मिळते. तें आटोपशीर आहे, भेदक आहे, आणि त्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. परंतु ज्याला डग्लस यांचें पूर्ण दर्शन घ्यावयाचें असेल, त्यानें दुसरें पुस्तक हातीं धरावें असें आमचें मत आहे.

डग्लस यांचा जन्म मेरीलँड संस्थानांत १८१८ सालीं एका गुलाम मातेच्या पोटीं झाला. आपली जन्मतिथि त्यांना कधींच कळली नाहीं. लहानपणीं बाल्टिमोर येथें ज्या घरीं त्यांना कामाला ठेविलें, तेथील बाईनें त्यांना मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला; पण अक्षरज्ञान झालेला गुलाम मालकाच्या ताब्यांत राहत नाहीं, असें सांगून तिच्या नवऱ्यानें तें शिक्षण बंद पाडलें. विद्येचें मोल त्या मुलाला या निषेधानेंच कळलें. १८३८ च्या सप्टेंबरांत खलाशाचा वेष करून व दुसऱ्याचे कागदपत्र जवळ बाळगून ते आगगाडीनें निसटले. १८४१ सालीं नँटकेट येथील सभेंत ते बोलले, आणि तेव्हांपासून गुलामगिरीविरुद्ध चाललेल्या चळवळीचे वक्ते झाले. चार वर्षांनीं निघालेल्या पहिल्या पुस्तकाला त्या चळवळीचे अध्वर्यु विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आहे. गोऱ्या माणसाच्या साक्षीवांचून गुलामाचा शब्द ग्राह्य मानण्याची त्या समाजाची तयारी नव्हती.

ही साक्ष देणारे लोक सज्जन होते, यांत संशय नाहीं. तथापि दुसऱ्या पुस्तकांत डग्लस यांनीं त्यांच्या सज्जनपणाची मर्यादाही स्पष्ट सांगितली आहे. तुम्ही घडलें तेवढें सांगा, त्याचें तत्त्वज्ञान आम्ही पाहून घेऊं, अशा आशयाचा उपदेश हे हितचिंतक त्यांना करीत. भाषणांत मळ्यावरच्या बोलीची थोडी छटा असूं द्यावी, नाहीं तर हा मनुष्य गुलाम होता हें लोकांना खरें वाटणार नाहीं, असेंही त्यांचें म्हणणें असे. डग्लस यांना हें मानवलें नाहीं. १८४७ सालीं त्यांनीं रॉचेस्टर येथें स्वतःचें वर्तमानपत्र काढलें, आणि पुढें गॅरिसन यांच्याशीं त्यांचा बेबनाव झाला. दुसऱ्या पुस्तकाला प्रस्तावना आहे ती जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णी डॉक्टरांची.

या बदलाचा परिणाम पाहावयाचा असेल, तर मातेविषयींचीं प्रकरणें ताडून पाहावींत. पहिल्या पुस्तकांत ती रात्रीं बारा मैल चालून येते, पहांटेपूर्वी निघून जाते; तिच्या मृत्यूची वार्ता मुलगा परक्याप्रमाणें ऐकतो. गुलामगिरी मायलेकांतला पाझरही कसा आटविते, हें दाखविण्यास तेवढें पुरेसें होतें. दुसऱ्या पुस्तकांत आजीची झोपडी येते, उपाशी लेंकराला गोड पोळी देऊन त्याची बाजू घेणारी आई येते, आणि तिला वाचतां येत होतें हेंही कळतें. आपली विद्येची आवड गोऱ्या पित्याकडून न येतां या मातेकडून आली, असें तेथें डग्लस अभिमानानें सांगतात. आठवणींवर प्रौढपणीं चढलेला हा रंग आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण पहिल्या वेळीं ते मालकावर आरोप ठेवीत होते; दुसऱ्या वेळीं ते आपली वंशावळ सांगत आहेत. दुसरें काम पहिल्याइतकेंच खरें आहे.

या पुस्तकांत दोष नाहींत असें नव्हे. वाक्यें कित्येक ठिकाणीं व्याख्यानाच्या भरांत फुगतात. तिसरा ग्रंथ तर अधिकारपदें व मानसन्मान यांच्या वर्णनानें सैल झाला आहे. मात्र पलायनाची हकीकत प्रथम त्यांत येते. इतरांची वाट बंद होऊं नये म्हणून डग्लस यांनीं ती पुस्तकांतून गाळली होती. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, आणि त्यानंतर हें मौन सुटलें.

आम्हां मराठी वाचकांना हा विषय परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेंतील दास्यविमोचनासाठीं झटणाऱ्या लोकांना. १९७८ सालीं दया पवार यांचें 'बलुतं' निघालें, व त्यानंतर दलित आत्मचरित्रांची परंपरा आपल्याकडे वाढली. तीं वाचून आपल्या घरांतून डोळे पाणावतात, हें चांगलेंच आहे. परंतु लेखकानें भोगलें तेवढें सांगावें आणि त्याचा अर्थ आपण लावावा, ही डग्लस यांच्या हितचिंतकांची वृत्ति आपल्यांतही पुष्कळ आहे. त्या लेखकांचे अनुभव आपण आवडीनें उद्धृत करतों. त्यांचे विचार, विशेषतः आपल्याविषयींचे, बाजूस ठेवतों. डग्लस यांचें पहिलें पुस्तक वाचून ज्यांचें मन द्रवेल, त्यांनीं तेथेंच न थांबतां दुसरें उघडावें. त्यांत आपल्यासारख्या सहृदय वाचकांविषयीं चार शब्द आहेत, आणि ते ऐकून घेण्याजोगे आहेत.