पॅनिंग, की पुसणं?

जुन्या स्टुडिओतल्या फोटोग्राफरचा मंत्र एकच असे : "हलू नका!" गिऱ्हाईक श्वास रोखून बसे आणि नुकतीच तार आल्यासारखा चेहरा घेऊन अजरामर होई. पॅनिंगवाले म्हणजे या धर्मातले पाखंडी. त्यांचं म्हणणं, गाडी हलू दे, कॅमेराही हलू दे. फक्त दोघं एका वेगानं हलू देत.

कृती सोपी आहे, म्हणजे चकलीची पुस्तकात असते तितपत. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवायचं, पाय रोवायचे, येणारी गाडी चौकटीत धरून कमरेतून वळायचं, समोर आली की बटण दाबायचं आणि दाबल्यावरही वळतच राहायचं. या शेवटच्या कलमाशी बहुतेकांचं घोडं अडतं. ताशी 60 किलोमीटरनं धावणारा ट्रक तेवढ्यात अर्ध्या मीटरहून जास्त पुढे सरकतो. आपण त्याच्याबरोबर वळलो, तर ट्रक ठसठशीत आणि बाकीचं जग आडव्या रेघा!

सरावाला मुंबई-अहमदाबाद महामार्ग उत्तम. आमचे एक स्नेही दर रविवारी चारोटी ते तलासरीच्या दरम्यान कुठेतरी उभे राहून सूर्यफुलासारखे फिरत असतात. नाक्यावरचे लोक त्यांना रस्तारुंदीचे मोजणीदार समजून अदबीनं चहा पाजतात. त्यांच्या फोटोंना दाद द्यायलाच हवी. ड्रायव्हरची मिशी मोजून घ्यावी! ट्रकवरच्या देवाच्या नावातला काना न् मात्रा लागतो.

पण एकदा मी विचारलं, "ही हिरवी रेघ कसली? ताड की चिकू?"

"बॅकग्राउंड हो!"

"आणि ही मधली लाल?"

"तीही बॅकग्राउंडच."

ती लाल रेघ म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन रस्ता ओलांडायला खोळंबलेली बाई होती. माझं भांडण आहे ते इथं. मोटारीतून जाणाऱ्यांना डहाणू-तलासरी तशीही रेघच दिसते. याच तलासरीतल्या झरीला 1945 साली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, हे काचेतून कुणाला दिसतं? कॅमेऱ्यानंही तेच करायचं, तर गाडीतून खाली उतरलात कशाला?

"तंत्रच तसं आहे," हे उत्तर मला पटत नाही. फ्रान्समध्ये जाक आँरी लार्तीग या कोवळ्या पोरानं 1912 च्या सुमारास शर्यतीच्या मोटारीचा फोटो काढला. कॅमेरा वळवलाच होता. पण चाक पुढे कललेलं, प्रेक्षक मागे कललेले आणि अर्धी मोटार चौकटीबाहेर! 1963 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन भरून लार्तीगचं नाव झालं, तेव्हा ते 69 वर्षांचे होते. त्या मोटारीच्या फोटोतली गंमत माझ्या मते हीच, की मागची माणसं वाकडी झाली तरी माणसंच राहिली आहेत.

आणि इतक्या लांब तरी कशाला? डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे घ्या. 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की वारली चित्रातला माणूस होतो, आणि जरा कलला की नाचू लागतो. तारप्याभोवती नाचणाऱ्यांची अख्खी रांग गरगर फिरते, तरी शेवटच्या माणसाचा पायसुद्धा पुसट होत नाही. तिथं बॅकग्राउंड नावाची जातच नाही : कोंबडी, झाड, माणूस, सगळे हजर!

म्हणून स्नेह्यांना सुचवलंय, शटर जरा वाढवा, सव्वाशेव्या भागावर न्या. गाडीचा वेग थोडा कमी वाटेल, पण मागं बाई उभी आहे एवढं तरी कळेल. ट्रकची चिंता नको. मागून दुसरा येतोच.