खानदेशच्या गॅझेटिअरमधील भिल्ल : वंशसंहाराच्या टप्प्यांचा एक पडताळा

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या या खंडाचा विषय खानदेश हा आहे. म्हणजे आजचे जळगाव व धुळे जिल्हे, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा. जमीनमहसूल, पिके, बाजारपेठा यांच्या तपशिलांनी भरलेल्या या जाडजूड ग्रंथात भिल्लांविषयीची काही पाने आहेत. ती आमच्या अभ्यासकांनी वाचावीत, परंतु सावधपणे वाचावीत, असे आम्हांस वाटते. कारण या पानांत एका लोकसमूहाच्या कत्तलीची कबुली आहे आणि ती कबुली ज्या हातांनी लिहिली, ते हातही पूर्णपणे स्वच्छ नव्हते.

प्रथम त्या पानांत काय सांगितले आहे ते पाहू. १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि होळकरी धामधुमीने खानदेश उद्ध्वस्त झाला. होळकराच्या फौजेने भिल्लांना हाताशी धरून शहाद्याजवळचे सुलतानपूर लुटले. ते शहर पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. तेव्हा भिल्ल केवळ सोसणारे होते असे म्हणता येणार नाही. परंतु त्यानंतर पेशवाईच्या अंमलदारांनी जे केले त्याला शिक्षा हे नाव देता येत नाही. चौकशीवाचून फटके आणि फाशी, नाक-कान कापून उन्हात टाकणे, अंतूर किल्ल्याच्या कड्यावरून माणसे ढकलून देणे, हे नित्याचे झाले. अभयाचे वचन देऊन डोंगरातून खाली बोलावलेल्या जमावांची कत्तल झाली. खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याचे नाव १८०४ च्या सुमाराच्या कोपरगाव येथील अशाच एका कत्तलीशी कायमचे जोडले गेले आहे. तेथे प्रेतांनी विहिरी भरल्या. स्त्रियांना आणि लहान मुलांनाही सोडण्यात आले नाही, हे गॅझेटिअर स्पष्टपणे नमूद करते.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा तपशील हा शेवटचा आहे. वाटमारी करणाऱ्याला मारले, असे एखादा अंमलदार म्हणू शकेल. पण पाळण्यातल्या मुलाने कोणती वाट मारली होती? ज्या क्षणी मुलाला मारले जाते त्या क्षणी गुन्ह्याची सबब संपते, आणि जन्म हाच गुन्हा ठरतो.

राफाएल लेम्किन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये या प्रकारच्या कृत्यासाठी नवा शब्द घडवला. त्याला आपण मराठीत 'वंशसंहार' म्हणतो. 'नरसंहार' हा शब्द त्याऐवजी सर्रास वापरला जातो, पण तो अपुरा आहे; त्यात माणसे मेली एवढेच कळते, ती का निवडली गेली हे कळत नाही. ९ डिसेंबर १९४८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने एखाद्या राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूहाचा पूर्णतः वा अंशतः नाश करण्याचा हेतू ही कसोटी ठरवली. भारताने हा करार १९५९ मध्ये मान्य केला. देशात मात्र त्यासाठी स्वतंत्र कायदा आजतागायत झालेला नाही. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी स्टँटन यांनी १९९६ मध्ये वंशसंहाराचे आठ टप्पे मांडले आणि पुढे ते दहा केले : 'आपण' आणि 'ते' अशा वर्गीकरणापासून सुरुवात, मग चिन्हांकन, भेदभाव, माणूसपण नाकारणे, संघटन, ध्रुवीकरण, तयारी, छळ, प्रत्यक्ष संहार आणि शेवटी नकार. रवांडात १९९४ साली रेडिओवरून तुत्सींना झुरळे म्हटले गेले, ते या मांडणीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

हे उदाहरण देताना आम्हांला आपल्या घरातले उदाहरण टाळता येणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराने रोहिंग्यांविरुद्ध जी मोहीम काढली, तीत सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. तिच्या आधी कित्येक वर्षे, चीवर धारण करणाऱ्या काही भिक्खूंनी त्यांना परके आणि हीन ठरवणारी प्रवचने दिली होती. वासेट्ठसुत्तात भगवंतांनी गवत, किडे, पक्षी यांच्या जाती वेगळ्या दाखवून माणसांत तसा जन्मगत भेद नाही असे सांगितले. ते सुत्त ज्यांच्या पाठांतरात आहे त्यांच्याकडूनही पहिला टप्पा ओलांडला जाऊ शकतो, हे आम्ही लक्षात ठेवले पाहिजे.

आता स्टँटन यांची मांडणी खानदेशाला लावून पाहू. पहिले काही टप्पे सहज जुळतात. अडचण शेवटच्या टप्प्यावर येते. स्टँटन यांच्या मते संहारानंतर नकार येतो : प्रेते लपवली जातात, कागद जाळले जातात, असे काही घडलेच नाही असे सांगितले जाते. खानदेशात याच्या उलट घडले. कागद जाळले गेले नाहीत. ते छापले गेले. कॅप्टन ग्रॅहम या अधिकाऱ्याने १८४३ मध्ये भिल्लांचा वृत्तांत लिहिला, कॅम्पबेल यांच्या गॅझेटिअरने त्याचा आधार घेतला, आणि पेशवाईतील क्रौर्य बारीकसारीक तपशिलांसह जगासमोर मांडले. हे कशासाठी? या काळ्या पार्श्वभूमीवर कंपनी सरकारचा अंमल उजळ दिसावा यासाठी. आमच्या वाचकांना पेशवाईचा हा पुरावा हाती लागताच समाधान वाटेल, आणि तो पुरावा खराही आहे. पण पुरावा सादर करणाऱ्याचा हेतू तपासल्यावाचून तो स्वीकारणे हे अभ्यासकाचे काम नव्हे.

१८१८ म्हटले की आम्हांला भीमा कोरेगाव आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच वर्षी खानदेश कंपनीकडे आला. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या भिल्लांना त्या वर्षाने काय दिले? घाट रोखले गेले, अन्नाचा पुरवठा तोडला गेला, पलटणी डोंगरात घुसल्या, नाईकांना फाशी झाली. हे साधेना तेव्हा १८२५ मध्ये धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी वायव्येकडच्या एजन्सीत नंदुरबार आणि सुलतानपूर हे मुलूख होते. आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. माफी, तगाई, नांगर, बैल यांचे वाटप झाले. गॅझेटिअर या भागाला सुधारणेची कथा म्हणून सांगते, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. जीव वाचले ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे लढाई झाली, तिच्यानंतर पकडलेल्या अनेक भिल्लांना जागच्या जागी लष्करी चौकशी उरकून गोळ्या घालण्यात आल्या, आणि बायकामुलांना कैद करून नेण्यात आले. ग्रंथकाराच्या लेखी हा केवळ बंडाचा बंदोबस्त आहे. तीच कृती पेशव्यांच्या अंमलदाराने केली तर क्रौर्य, साहेबाने केली तर बंदोबस्त! येथे नकार आहेच. तो दुसऱ्याच्या पापाच्या कबुलीआड बसला आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या पानांवर भिल्लांविषयी कणव व्यक्त होते त्याच पानांवर चोरी ही त्यांची वृत्ती असल्याचे गृहीत धरलेले आहे. म्हणजे संहार थांबला, पण त्याचा पहिला टप्पा ग्रंथात सुरक्षित राहिला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, जो १९११ मध्ये सर्व इलाख्यांना लागू झाला आणि १९५२ पर्यंत टिकला, याच गृहीतकावर उभा होता. गंमत अशी की हेच भिल्ल खानदेशच्या गावोगावी जागले होते. गावाची राखण, चोराचा माग काढणे, रात्रीची गस्त ही कामे त्यांची. ज्याच्या भरवशावर गाव निजत असे, तोच कागदावर जन्मजात चोर होता.

म्हणून टप्प्यांच्या शिडीपेक्षा प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी आम्हांला अधिक उपयोगी वाटते. स्वतः स्टँटनही टप्पे एकामागून एक येतीलच असे म्हणत नाहीत. पण शिडीची प्रतिमा मनात बसली की वरची पायरी उतरली म्हणजे खालची सुटली असा भास होतो. हेतू आणि प्रत्यय एकमेकांना आधार देत टिकून राहतात, हे शिडीतून दिसत नाही. बाबासाहेब १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या स्टार्ट समितीचे सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांच्याही स्थितीची चौकशी त्या समितीने केली. १९३६ च्या 'जातिसंहारा'च्या भाषणात त्यांनी आदिवासींचा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा त्यांची शब्दकळा त्या काळाचीच होती. पण कार्यकारणाची दिशा त्यांनी उलटी केली. या लोकांपैकी काहींच्या वाट्याला गुन्हेगारी आली, ती त्यांच्या जन्मामुळे नव्हे, तर त्यांना दूर ठेवणाऱ्या समाजव्यवस्थेमुळे. गॅझेटिअरला जे सुचले नाही ते हेच.

मग खानदेशात वंशसंहार झाला असे म्हणावे काय? कोपरगाव आणि अंतूर येथील कृत्यांना हा शब्द लावण्यास आम्ही कचरत नाही, कारण तेथे समूह म्हणून माणसे निवडली गेली आणि मुलेही मारली गेली. परंतु भिल्लांचा सारा इतिहास या शब्दात कोंबू नये. त्याच सत्तेला जागल्याही हवा होता; नाश आणि वापर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालत होत्या. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली, तेव्हा त्या विस्थापनालाही काहींनी वंशसंहार म्हटले. तो अन्याय घोर आहे, पण त्याचे नाव वेगळे आहे. प्रत्येक अन्यायाला सर्वांत मोठा शब्द दिला, तर अंतूरच्या कड्यासाठी शब्द उरणार नाही.

पहिला टप्पा मात्र नंदुरबार परिसरात स्वातंत्र्यानंतरही सापडतो. मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडी येथे दुष्काळाच्या दिवसांत धान्यासाठी आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, आणि त्यातून अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्यांचे आंदोलन अधिक तीव्र झाले. त्या काळी तेथील बागायतदारांच्या पीक संरक्षण सोसायट्या होत्या. शेतातून कणसे नेल्याच्या संशयावरून आदिवासी मजुरांना दंड आणि मार हा त्यांचा परिपाठ होता. जागल्यांच्या नातवंडांवर पाळत ठेवण्यासाठी त्यांनी पगारी राखणदार नेमले होते.