कर्ता की करविता? यंत्रचित्र आणि 'पाक'विचार

२०२२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन ॲलन यांच्या 'तेआत्र दोपेरा स्पासियाल' या चित्रास डिजिटल कलाविभागात प्रथम पारितोषिक मिळाले. हे चित्र मिडजर्नी या प्रणालीकडून करवून घेतलेले होते. त्यासाठी आपण आज्ञावाक्ये, म्हणजेच 'प्रॉम्प्ट', किमान ६२४ वेळा पालटली, हा ॲलन यांच्या कर्तृत्वाच्या दाव्याचा मुख्य आधार होय. अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या पुनर्विलोकन मंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो दावा अमान्य केला. दोनच महिन्यांनी बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने स्टेबल डिफ्यूजनने सिद्ध केलेल्या एका चित्राचे कर्तृत्व मात्र आज्ञा देणाऱ्यास बहाल केले.

हा प्रश्न केवळ विधिशास्त्राचा नाही. परिपक्व रचनेतील पदे पर्यायी पदांना जागा देत नाहीत, असे शब्दपाकाचे लक्षण वामनाने सांगितले आहे. ही कसोटी लावली तर ६२४ हा आकडा दाव्याच्या विरोधातच साक्ष देतो. तेच आज्ञावाक्य पुन्हा दिले तरी सामान्यतः चित्र वेगळे येते. आज्ञा आणि आकृती यांचा संबंध अनिवार्य नसतो. परंतु राजशेखराने 'काव्यमीमांसे'त अवंतिसुंदरीचा आक्षेप आवर्जून नोंदवला आहे. पर्याय न सुचणे ही अशक्ती होय, पाक नव्हे. महाकवींचे एकाच वस्तूविषयीचे अनेक पाठ परिपक्व असू शकतात आणि पाक ठरतो तो रसोचित योजनेने. ॲलन यांच्या पक्षाला याहून समर्थ युक्तिवाद क्वचितच सापडला असता.

तरीही तो पुरा पडत नाही. अवंतिसुंदरीला अभिप्रेत असलेले पाठ कवीने स्वतः योजलेले असतात. येथे पाठ यंत्र पुरवते आणि रसौचित्य ओळखण्याचे काम तेवढे माणसाकडे उरते. ते क्षुल्लक नव्हे. राजशेखर त्यालाही प्रतिभाच म्हणतो, मात्र भावयित्री, कारयित्री नव्हे. बीजिंगच्या निर्णयात वापरकर्त्याच्या निवडीला आणि सौंदर्यदृष्टीला जे वजन मिळाले, त्यात हा भेद पुसला गेला. अमेरिकी मंडळाचा निष्कर्ष मला ग्राह्य वाटतो, त्याचे कारण तितकेसे नाही. आज्ञावाक्य विशिष्ट परिणाम ठरवून देत नाही, असे मंडळ म्हणते. पण आपली ओळ कोठे जाऊन थांबेल हे कवीला तरी कोठे आधी ठाऊक असते? ॲलन यांनी पुढे फोटोशॉपमध्ये केलेल्या फेरफारांत त्यांचे कर्तृत्व शोधता आले असते. यंत्रनिर्मित भाग दाव्यातून वगळण्यास त्यांनीच नकार दिल्यामुळे तो मुद्दा अनिर्णित राहिला.

भारतीय कॉपीराइट कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीपासून संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणून ती घडवून आणणारी व्यक्ती धरली आहे. 'कर्ता-करविता' हे शब्द मराठीत आपण एका दमात उच्चारतो, पण त्यांतील भेद व्याकरणाने राखलेला असतो. कायद्याचे हे कलम मात्र करवित्यालाच कर्ता मानून मोकळे होते.