मुंबई बंदराचें एक जुनें कोरीव चित्र

जुन्या चित्रांविषयीं सुशिक्षित घरांतून जी आवड दिसते, ती स्वागतार्ह आहे. परंतु जें जुनें तें विश्वसनीय, ही समजूतही त्या आवडीबरोबर नकळत घरांत शिरते. तिची परीक्षा पाहण्यास मुंबई बंदराचें एक कोरीव चित्र फार उपयोगी पडेल.

ईस्ट इंडिया कंपनीनें १७३२ च्या सुमारास आपल्या सहा ठाण्यांचीं तैलचित्रें लंडनमधील लेडनहॉल रस्त्यावरच्या कचेरीसाठीं काढवून घेतलीं. त्यांपैकीं मुंबईचें हें एक. जॉर्ज लँबर्टनें जमीन रंगविली, सॅम्युएल स्कॉटनें समुद्र आणि जहाजें. पुढें १७३६ च्या सुमारास जेरार्ड व्हांडरगुख्टनें तें तांब्याच्या पत्र्यावर कोरलें, आणि कचेरींतलें चित्र घरोघर जाण्याजोगें झालें.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. नुसत्या काळ्या रेषांच्या दाटी-विरळपणानें पाणी, आकाश व वाऱ्यानें भरलेलें शीड यांतील भेद दाखविणें ही साधी गोष्ट नव्हे. स्कॉट हा सागरचित्रांत मुरलेला होता. त्याच्या जहाजांची एकेक दोरी जाणत्याच्या नजरेला पटते. रचनेंत तोल आहे, आणि नजर पाण्यावरून किनाऱ्याकडे सहज सरकते.

मात्र या दोघांही चित्रकारांनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता. जहाजें डोळ्यांनीं पाहिलेलीं आणि गांव ऐकीव, अशी ही जोडणी आहे. म्हणूनच जहाजांत जो जीव आहे तो किनाऱ्यांत नाहीं. शिवाय चित्राचा दृष्टिकोन समुद्रावरून येणाऱ्या धन्याचा आहे. आपली मालमत्ता दुरून न्याहाळणाऱ्यास जेवढें दिसतें, तेवढेंच येथें आहे. मोठीं जहाजें बाहेरून येतात आणि बंदर त्यांची वाट पाहत स्वस्थ बसतें, असा या चित्राचा एकंदर भाव.

इतिहासानें हा भाव साफ उलटविला. ज्या १७३६ सालीं या चित्रांचे छाप लंडनमध्यें निघत होते, त्याच सालीं सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया हा कुशल कारागीर कांहीं सुतार बरोबर घेऊन मुंबईस आला, आणि कंपनीच्या गोदीचें काम त्याच्या हातीं आलें. १७५० त तेथें सुकी गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आंत घ्यावें, ओहोटीस पाणी काढून दरवाजे बंद करावे आणि कोरड्या तळावर काम करावें, अशी ती युक्ति. लवजीच्या वंशांतील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखालीं १८१० त ‘मिंडेन’ हें ७४ तोफांचें लढाऊ जहाज ब्रिटिश आरमारासाठीं उतरलें. १८१७ त उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर उभें आहे. चित्रांत जहाजें बाहेरून येतात. इतिहासांत तीं येथून बाहेर गेलीं.

आणि तीं टिकलीं सागामुळें. ओकच्या लांकडांत लोखंडी खिळे झिजतात. सागाच्या अंगच्या तेलानें ते सुरक्षित राहतात. हें लांकूड मुंबईस मुख्यत्वें मलबारांतून येई. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्यांत, नवेगांव-नागझिऱ्याच्या रानांत ज्यानें सागाचा सरळ बुंधा पाहिला आहे, त्याला जहाजाचें मर्म या चित्राच्या निर्मात्यांपेक्षां लवकर उमगेल. गोदी ही शिडांपासून सुरू होत नाहीं. ती रानांतल्या कुऱ्हाडीपासून आणि सुताराच्या पटाशीपासून सुरू होते.

तैलचित्र गोदीच्या पूर्वीचें असल्यामुळें त्यांत लवजी नाहीं, याबद्दल चित्रकारांस बोल लावणें अन्यायाचें होईल. बोल लागतो तो आपणांस. ‘जुनी मुंबई’ म्हणून अशीं चित्रें आपण भिंतीवर लावतों, मुलांना दाखवितों, आणि ज्यांनीं जहाजें घडविलीं त्यांचें नांवही सांगत नाहीं. चित्र अवश्य लावावें. कोरणाराच्या हाताची तारीफही करावी. पण मुलानें ‘हीं जहाजें कोणीं बांधलीं?’ असें विचारलें, तर चित्रांतलीं टेम्स नदीच्या कांठचीं, आणि त्यानंतर शंभर वर्षें या बंदरांतून निघालेलीं आपल्या सुतारांचीं, हें उत्तर घरांत तयार असावें.