ईमचं मॉडेल आणि ईम गाव

साथरोगांचं गणित शिकलेल्या बऱ्याच जणांनी ईम गावाचा आकडा वापरलेला असतो. पण ते एक खरंखुरं गाव आहे हे मात्र लक्षात राहत नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशायरचं हे खेडं. स्पेलिंग बघून आपण 'इयाम' म्हणतो, तिथले लोक 'ईम' म्हणतात. सप्टेंबर १६६५ मध्ये इथे प्लेग आला आणि चौदा महिने राहिला. पुस्तकातलं गणित असं: गावात ३५० माणसं होती, ८३ उरली. रॅगेट यांनी १९८२ मध्ये या आकड्यांवर साधं एस-आय-आर मॉडेल बसवलं. सुरुवात मे १६६६ च्या मध्यापासून, २६१ माणसं, त्यातली ७ बाधित. आलेख इतका छान जुळतो की उदाहरण तिथून पाठ्यपुस्तकांत गेलं आणि तिथेच राहिलं.

जुळतो म्हणून बरोबर का? रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्यांनी या प्रश्नावर थोडं थांबावं.

या मॉडेलमध्ये गावाचा नकाशा नाही. कुणीही कुणालाही सारख्याच शक्यतेने भेटतं, असं त्यात धरलं आहे. प्रत्यक्षात ईम हे एका लांब रस्त्याच्या कडेने पसरलेलं गाव आहे. उत्तरेला भरड वालुकाश्माचा चढ, दक्षिणेला चुनखडीचं पठार आणि कोरड्या घळी, आसपास शिशाच्या खाणी. पॅरिश म्हणजे एकच वस्ती नव्हे, फूलो हे वेगळं खेडंही त्यातच येतं. आणि गावाबाहेर पूर्वेला चढावर रायलीची शेतं. तिथल्या एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली. शेजारचं टॅलबॉट कुटुंब त्याआधीच गेलं होतं. म्हणजे चढावरची दोन घरं रिकामी झाली. 'सगळे सगळ्यांना सारखे भेटतात' या गृहीतकात अशी घटना बसतच नाही. आलेख मात्र तरीही जुळतो, कारण आलेखाला फक्त बेरीज दिसते.

आता दुसरी, मला जास्त गंभीर वाटणारी गोष्ट: छेद. ३५० आणि ८३ हे परंपरेने चालत आलेले आकडे आहेत. पॅरिशच्या नोंदी आणि चुलीवरच्या कराच्या याद्या तपासल्यावर लोकसंख्या सुमारे ७०० किंवा त्याहून जास्त असावी असं पुढे आलं. हा कर १६६२ पासून होता, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग, गरिबांना माफ. म्हणजे यादीत थेट माणसं मिळत नाहीत. मिळतात घरमालक आणि त्यांच्या घरातल्या चुली, आणि त्यावरून माणसांचा अंदाज बांधायचा. हाही अंदाजच, पण तो कशावर उभा आहे ते तरी दिसतं.

फरक किती पडतो? २५७ मृत्यू ३५० मध्ये मोजले तर ७३ टक्के, ७०० मध्ये मोजले तर ३७ टक्के. आणि स्वतः करून बघा: रॅगेटच्या आकड्यांवरून आर-नॉट साधारण १.६ येतो. वाचलेले ८३ ऐवजी ४३० धरा (हाही आकडा अभ्यासकांनी मांडलेला आहे), मे नंतरचे मृत्यू तेवढेच १७८ ठेवा, तर तो १.१३ वर येतो. समीकरण तेच, रोगही तोच. एकात साथ अर्ध्याहून जास्त गाव खाते, दुसऱ्यात ती जेमतेम पेटते.

व्हिटल्स आणि डिडेलो यांचा २०१६ चा पेपर म्हणूनच मला आवडतो. त्यांनी नव्याने मिळालेल्या नोंदी घेतल्या आणि घर हे एकक धरलं. एकाच घरातल्यांमध्ये संसर्गाचा जोर बाकी गावापेक्षा जास्त होता, गरिबांना धोका जास्त होता, आणि सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाकडे गेला, असा त्यांचा निष्कर्ष. तरीही दोन गोष्टी खटकतात. 'घर' आणि 'बाकीचं गाव' अशा दोनच पातळ्या ठेवल्या की चर्चशेजारचं घर आणि रायलीचं शेत पुन्हा सारख्याच अंतरावर येतात. शिवाय 'माणसाकडून माणसाकडे' म्हणजे खोकल्यातून की अंगावरच्या पिसवांमधून, हे मृत्यूच्या तारखांवरून कळत नाही. बातम्यांमध्ये तीन चतुर्थांश तेवढा राहतो, ही अट गळते.

(आपल्याकडचा धागाही आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या मूळ पेपरात आपलं समीकरण ताडून पाहिलं ते मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंवर. मुंबईचा प्लेग मुख्यतः उंदरांमुळे पसरला, आणि त्या समीकरणात उंदीर नाही.)

राहिलं 'बंद गाव' हे गृहीतक. रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्याआधी पदावरून काढलेले थॉमस स्टॅन्ली यांनी जून १६६६ मध्ये गावाला वेशीच्या आत राहायला राजी केलं, अशी कथा. पुरावा म्हणून स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा वेशीचा दगड दाखवतात. त्यातल्या खळग्यांमध्ये व्हिनेगर, त्यात पैसे, बदल्यात बाहेरून धान्य. पण या दगडातून फार तर देवाणघेवाण कळेल. कुणी बाहेर गेलंच नाही, हे त्यावरून कसं कळणार? मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती. पॅट्रिक वॉलिस यांनी २००६ मध्ये दाखवलं की त्यागाची ही कथा आज आपण ऐकतो त्या रूपात नंतरच्या शतकांत घडत गेली. वॉलिस वाचल्यावर चर्चजवळच्या 'प्लेग कॉटेज'वरच्या मृतांच्या नावांच्या पाट्याही वेगळ्या दिसतात. नावं खरी माणसांची आहेत, पण पाट्या आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी लावलेल्या आहेत. रस्त्यावरचा देखणा ईम हॉल तर प्लेग संपल्यानंतर बांधलेला. फोटोत दिसणारं गाव १६६५ चं नाही.

तुमच्या डेटासेटमध्ये 'ईम' असेल तर मॉडेल चालवण्याआधी एक काम करा. गावाचा नकाशा उघडा, चर्च, रायली आणि वेशीचा दगड शोधा आणि अंतरं मोजा. मग २६१ हा आकडा नक्की कुणाकुणाचा, ते लिहून काढायचा प्रयत्न करा.