सुईदोरा आणि सोबत

कथाकादंबऱ्यांचें परीक्षण करणारांची दृष्टि ठळक वस्तूंवर सहज जाते. नायिकेचें पत्र, खुनाचें हत्यार, म्हाताऱ्याचें मृत्युपत्र यांचा हिशेब टीकाकार चोख ठेवितो. पण त्याच कथेंत चार बायका एकत्र बसून कांहीं शिवीत किंवा विणीत असल्या, तर घरगुती वातावरणाची भर समजून तो तेवढा परिच्छेद ओलांडतो. तो परिच्छेद ओलांडण्यासारखा नसतो, असें माझें म्हणणें आहे. इंग्रजी भाषेंतील कांहीं उत्तम कृतींत माणसांचें एकमेकांशीं नातें कसें आहे, हें सुईवरूनच कळतें. हातांत काम कोणतें आहे यापेक्षां तें कोणाच्या सोबतीनें चाललें आहे, याला तेथें अधिक महत्त्व असतें.

लुइझा मे ऑल्कट या अमेरिकन लेखिकेच्या 'लिट्ल विमेन' या कादंबरीचा पहिला भाग १८६८ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील यादवी युद्ध चालू आहे. वडील सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेले आहेत. आणि डिसेंबरच्या संध्याकाळीं चार बहिणी विस्तवाशेजारीं विणीत बसल्या आहेत. त्यांपैकीं जो हिच्या हातांत शिपायासाठीं विणावयाचा निळा मोजा आहे, आणि एखाद्या म्हातारीसारखें आपल्याला घरीं विणीत बसावें लागतें म्हणून ती कुरकुर करीत आहे. जेवणानंतर एका वृद्ध नातेवाईक बाईच्या चादरी शिवावयाचें काम निघतें. तेव्हां जो हीच एक युक्ति काढते. लांबच लांब शिवणीचे चार भाग करावयाचे. त्यांस युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका अशीं नांवें द्यावयाचीं. आणि ज्या खंडांतून सुई चालली असेल त्या खंडांतील देशांच्या गोष्टी बोलत जावयाचें. बघतां बघतां चादरी पुढें सरकतात, आणि नऊ वाजतां काम ठेवून साऱ्याजणी गाणें म्हणतात.

या प्रसंगाचें मर्म लेखिकेच्या प्रामाणिकपणांत आहे. शिवणकाम नीरस होतें हें ती स्वतःच सांगते. चादरीला टीप घालण्यांत कांहीं काव्य आहे असा आव ती आणीत नाहीं. सोबतीमुळें चादर बदलत नाहीं, संध्याकाळ बदलते. पित्याच्या काळजीनें जड झालेलें घर त्या चार खंडांच्या प्रवासांत थोडें हलकें होतें. हात गुंतलेले असले कीं जीभ मोकळी होते, आणि डोळे कापडावर असल्यामुळें समोरासमोर बोलतांना येणारा संकोच उरत नाहीं, ही घरोघरची गोष्ट ऑल्कटबाईंनीं फार सहजपणें टिपली आहे.

जेन ऑस्टेन हिच्या कादंबऱ्यांत सुईची दुसरी बाजू दिसते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मध्यें बिंगले हा भोळा गृहस्थ साऱ्या तरुणी मेजें रंगवितात, पडदे मढवितात आणि पैशांच्या जाळीदार पिशव्या विणतात म्हणून आश्चर्य करितो, आणि हें कसब वराच्या बाजारांत कसें मांडलें जातें हें वाचकाला कळून चुकतें. 'मॅन्सफील्ड पार्क' (१८१४) मधील लेडी बर्ट्रम तर कोचावर बसून सदैव एक लांबलचक भरतकाम करीत असते. त्याला उपयोग थोडा आणि सौंदर्य मुळींच नाहीं. पोटच्या मुलांपेक्षां तिचें लक्ष आपल्या कुत्र्याकडे अधिक असतें. घर माणसांनीं भरलेलें असून ही बाई त्या भरतकामाच्या आड एकटीच आहे. हें चित्र रेखाटणारी लेखिका स्वतः मात्र सुईची शत्रु नव्हती. हॅम्पशायरांतील चॉटन या गांवीं तिच्या घराचें आतां संग्रहालय झालें आहे, आणि तेथें तुकडे जोडून केलेली एक चादर ठेवलेली आहे. ती जेनने आपली आई व बहीण कॅसँड्रा यांच्यासह केली असें परंपरेनें सांगतात. १८११ सालच्या एका पत्रांत, चादरीसाठीं तुकडे जमविण्याची आठवण आहे ना, असें जेनने बहिणीला विचारलें आहे. तुकड्यांवांचून इकडे काम अडलेलें होतें. मायलेकींची ही चादर आणि लेडी बर्ट्रमचें भरतकाम यांतील अंतर ज्याला दिसलें, त्याला ऑस्टेनची विनोददृष्टिहि उमगली असें समजावें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. स्त्रियांच्या हातीं सुई देऊन पुरुषांनीं त्यांच्या हातची लेखणी काढून घेतली, मग त्या सुईचें कौतुक कशाला? शार्लट ब्राँटे हिच्या 'जेन एअर' (१८४७) मध्यें नायिका हेंच विचारते. बायकांनीं खाद्यपदार्थ करावेत, मोजे विणावेत, पिशव्यांवर भरतकाम करावें आणि तेवढ्यावर तृप्त असावें असें म्हणणाऱ्यांचें मन कोतें आहे, असा तिचा रोखठोक अभिप्राय आहे. हा अभिप्राय मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु तिचा राग मोज्यावर नाहीं. मोज्यापलीकडे जाऊं न देणाऱ्यांवर आहे. हा भेद न करितां सुई म्हणजे दास्य असें समीकरण मांडलें, कीं दास्यांतहि बायकांनीं एकमेकींना जें दिलें तें आपल्या हिशेबांतून गळून जातें. उलट सोबतीनें चाललेलें काम म्हणजे निव्वळ गोडवा, असें समजणेंहि तितकेंच चुकीचें आहे. डिकन्सच्या 'ए टेल ऑफ टू सिटीज' (१८५९) मध्यें पॅरिसच्या दरिद्री वस्तींतील बायका एकत्र बसून विणीत असतात. त्यांचें विणकाम निरुपयोगी आहे. पोटांत अन्न नाहीं, म्हणून तोंडाऐवजीं हात चालतात इतकेंच. त्यांची पुढारीण मादाम दफार्ज तर ज्यांना मारावयाचें त्यांचीं नांवें टांक्यांच्या खुणांनीं विणीत जाते. भुकेनें एकत्र आणलेली ती सोबत आहे, आणि तिच्यांतून क्रांति व सूड दोन्ही बाहेर पडतात.

या सर्वांहून सूक्ष्म कथा सुसान ग्लास्पेल हिची आहे. ग्लास्पेलबाई तरुणपणीं आयोवा प्रांतांत वृत्तपत्राच्या बातमीदार होत्या, आणि तेथील एका खऱ्या खटल्यावरून त्यांनीं १९१६ सालीं 'ट्रायफल्स' ही एकांकिका व १९१७ सालीं 'ए ज्यूरी ऑफ हर पिअर्स' ही कथा लिहिली. एका एकाकी शेतावर राइट नांवाचा शेतकरी गळफासानें मेलेला सांपडतो, आणि त्याच्या बायकोला अटक होते. तपासासाठीं आलेले पुरुष माडी आणि कोठार धुंडाळतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन बायका, शेजारीण मिसेस हेल आणि शेरीफची पत्नी मिसेस पीटर्स, स्वयंपाकघरांत थांबतात. तेथें अर्धवट राहिलेली एक गोधडी त्यांना दिसते. राइटची बायको ही गोधडी टांके घालून पुरी करणार होती कीं गांठी मारून, असें त्या आपसांत बोलतात, आणि तें ऐकून पुरुष हंसतात. बायकांचीं क्षुल्लक कामें!

पण त्या प्रश्नांतच सारी कथा आहे. तुकडे जोडून झाल्यावर वरचें कापड, मधला कापूस आणि खालचें कापड एकत्र धरावयाचें, तर सबंध गोधडीभर बारीक टांके घालावे लागतात. हें काम त्या देशांत बहुधा चौकटीवर ताणून, शेजारणींना बोलावून करण्याची रीत होती. गांठी मात्र अंतराअंतरावर एकटीलाहि मारितां येतात. राइटच्या बायकोकडे कोणी येत नव्हतें. सुबक टांक्यांच्या रांगेंत एकाच ठिकाणीं टांके वेडेवांकडे झालेले मिसेस हेलच्या नजरेस पडतात, आणि त्या घरांत काय घडलें असावें याचा तिला सुगावा लागतो. नवऱ्यानें मान पिरगळलेला पिंजऱ्यांतील पक्षी पुढें शिवणाच्या पेटींत सांपडतो. पूर्वीं गाणाऱ्या त्या बाईचें गाणेंहि असेंच बंद झालें होतें. शेजारीण बोलतां बोलतां वांकडे टांके उसवून सरळ घालते, आणि शेवटीं दोघीजणी पुरावा लपवितात. गुन्ह्याच्या न्यायाचा प्रश्न येथें आहेच. पण कथेला चटका लावणारें वाक्य मिसेस हेल स्वतःलाच बोलते. आपण कधीं तिच्याकडे गेलों नाहीं, हाहि एक अपराध होता आणि त्याची शिक्षा कोण देणार, हें तिला छळीत राहतें. मिसेस हेल ही मला आदर्श टीकाकार वाटते. टांका वांचावयाला स्वतः टांका घातलेला असावा लागतो, आणि जें वाचलें त्याची जबाबदारीहि अंगावर घ्यावी लागते.

ॲलिस वॉकर हिच्या 'एव्हरीडे यूज' (१९७३) या कथेंत हाच प्रश्न वारशाच्या रूपानें येतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका कृष्णवर्णी कुटुंबांत आजीनें तुकडे जुळवून ठेवलेल्या, आणि मावशीनें व आईनें ओसरीवर चौकटीला ताणून शिवलेल्या, दोन गोधड्या आहेत. त्यांत आजीच्या पोशाखाचे तुकडे आहेत, आजोबांच्या सदऱ्यांचे आहेत, आणि यादवी युद्धांत पणजोबांनीं घातलेल्या गणवेषाचा आगपेटीएवढा निळा तुकडाहि आहे. शहरांत शिकून आलेली डी या गोधड्या मागते. तिला त्या शोभेसाठीं टांगावयाच्या आहेत. कॉलेजांत जातांना आईनें गोधडी देऊं केली तेव्हां तिला ती जुनाट वाटली होती. धाकटी मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकील, असें तिचें म्हणणें. मॅगी दबलेल्या स्वरांत म्हणते कीं त्या डीलाच असूं द्याव्या, आपल्याला गोधडीवांचूनहि आजी आठवेल. आई त्या गोधड्या डीच्या हातून हिसकावून मॅगीच्या मांडीवर ठेविते. कारण मॅगीला गोधडी शिवतां येते. आजीनें आणि मावशीनें तिला तें शिकविलें आहे. डीला वस्तु हवी आहे, मॅगीच्या हातांत विद्या आहे.

डीची बाजू अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. अलाबामांतील जीज बेंड या खेड्यांतील कृष्णवर्णी बायकांच्या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि आजवर अंथरुणांत घेतलेल्या वस्तूंना चित्रांचा मान मिळाला. तो योग्यच होता. पण भिंतीवर गेलेली गोधडी पुढची गोधडी शिकवीत नाहीं. तें काम ओसरीवरच होतें.

आपल्याकडे याच्याशीं जुळणारा आधार आहे. जुनीं लुगडीं आणि धोतरें एकावर एक घालून, कडेपासून आंत धांवदोरा घालीत, चार कोपऱ्यांवर चारजणींनीं बसून गोधडी किंवा वाकळ पुरी करण्याची रीत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत होती, व कांहीं ठिकाणीं अजून आहे. मध्यमवर्गीय घरांत तिचें रूप म्हणजे बाळंतविडा: कोणी कुंची शिवावी, कोणी दुपटें, कोणी लोकरीचें टोपडें व मोजे विणावेत, आणि आजीनें उलटसुलट टांका नातीच्या हातीं धरून शिकवावा. जात्याचें ऋण आपल्या वाङ्मयानें मनापासून मानिलें, कारण जात्यावर ओवी होती आणि ती कानीं पडत होती. शिवतांना झालेलें बोलणें कापडांतच राहिलें. म्हणून तें ऐकावयाला ग्लास्पेलबाईंच्या शेजारणीसारखें डोळस व्हावें लागतें.

वर्गांत या कथा शिकवितांना मुलें गोधडीला झटकन 'प्रतीक' म्हणतात. टांका आणि गांठ यांतील भेद विचारला कीं बहुतेकजण गप्प बसतात, मुलगे तसेच मुलीहि. हा दोष त्यांचा नाहीं. तयार कपड्यांच्या काळांत सुई घरांतून बरीचशी गेली आहे. तिच्याबरोबर जुनी सक्तीहि गेली, हें उत्तम झालें. आतां ज्याला हवें त्यानें, पुरुषानेंसुद्धां, आवडीनें ती हातीं घ्यावी. घरांत पुढें एखादें मूल जन्माला यावयाचें असेल, तर एक तरी दुपटें विकत न आणतां आत्या, मावश्या आणि शेजारणींनीं मिळून शिवावें, आणि शेजारच्या ज्या घरीं कोणी जात नाहीं त्या घरच्या बाईलाहि त्यासाठीं बोलवावें. टांके थोडे वांकडे पडले तरी चालतील.